विसरलेली बंदूक आणि न सापडणारा कागद

मी आठवीत असतानाची गोष्ट. दारव्ह्याहून यवतमाळला जाणारी सकाळची एसटी. मधल्या एका फाट्यावर एक पोलीस उतरले. बस पुढे दोनेक किलोमीटर गेली असेल, तेवढ्यात मागच्या सीटवरची एक आजी ओरडली, "माय वं, जमादाराची बंदूक राह्यली!" खिडकी आणि सीट यांच्या सांदीत लांब नळीची बंदूक टेकवून ठेवलेली होती. पट्टा खाली लोंबत होता. कंडक्टर धावत मागे आला आणि म्हणाला, "कोनी हात नोका लावू त्याले." बस बाजूला लागली. पाच मिनिटांनी मागून एक मोटरसायकल आली. तिच्या मागच्या सीटवर तेच जमादार होते, टोपी हातात आणि चेहरा पांढराफटक. त्यांनी बंदूक घेतली, खटका ओढून पाहिला, कमरेच्या पाउचमधली काडतुसं मोजली. मग पुन्हा एकदा मोजली. आणि कंडक्टरला चक्क हात जोडले. पोलिसाने कंडक्टरला हात जोडलेले मी त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही नाही. कोणीतरी म्हणालं, "जमादार, च्या पाजा आता सगळ्याईले." बस हसली आणि सुटली.

ते कुठल्या ठाण्याचे होते ते मला तेव्हा कळलं नाही, आणि आता कळावं अशी इच्छाही नाही. पण वऱ्हाडातल्या ग्रामीण पोलिसांच्या इतिहासावर पीएचडी करायचं ठरलं तेव्हा डोक्यात पहिल्यांदा हीच एसटी आली. सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी उत्साहाने तो प्रसंग लिहूनही टाकला. गाईड मॅडमनी पेन्सिलने शेजारी एवढंच लिहिलं: "याचा कागद कुठे आहे?"

पेट पास होऊन कोर्सवर्क करत असाल तर हा प्रश्न तुम्हालाही कधीतरी ऐकावा लागणार आहे. मला त्याचं उत्तर मिळायला दोन वर्षं लागली, आणि उत्तर असं आहे की त्या प्रसंगाचा कागद बहुधा कुठेच नाही. बंदूक परत मिळाली म्हणून नाही. ती मिळाली नसती तर कागद झाला असता. वाक्य साधं आहे, पण माझ्या एका अख्ख्या प्रकरणाची मांडणी त्याने बदलली.

आधी दारव्ह्याचं बघू, कारण कागद कुठे शोधायचा हे गाव कोणाच्या ताब्यात होतं त्यावर ठरतं. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. नाव निजामाचं आणि राज्य साहेबाचं, अशी विचित्र व्यवस्था होती. कागदोपत्री त्याला 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' म्हणत. दारव्हा तेव्हा वणी जिल्ह्यात होतं. १९०२ मध्ये निजामाने वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने दिलं, १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं, आणि १९०५ च्या फेररचनेत वणी जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. म्हणजे एकाच ठाण्यातल्या शिपायाच्या चुकीचा कागद काळाप्रमाणे हैदराबाद रेसिडेन्सीच्या दप्तरात, नागपूरच्या अभिलेखागारात, भोपाळला किंवा मुंबईला असू शकतो. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातलं परराष्ट्र खात्याचं दप्तरही सोडू नका. वऱ्हाड तांत्रिकदृष्ट्या 'परकीय' मुलूख होता, त्यामुळे त्याच्या साध्या साध्या गोष्टी परराष्ट्र खात्यातून फिरत. वऱ्हाडात ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे आपोआप लागू नव्हते, ते हुकुमाने लावावे लागत. तो घोळ निस्तरायला १९४१ मध्ये 'बेरार लॉज ॲक्ट' हा वेगळा कायदा करावा लागला. मला हे एका मोठ्या संशोधकाच्या तळटीपेतून कळलं, पाठ्यपुस्तकातून नाही. तळटीपा वाचत जा.

आता कायदा. १८६१ च्या पोलीस कायद्यात शिपायाला शिक्षा देण्याचे दोन रस्ते आहेत. एक खात्यातला, कलम ७ चा: बडतर्फी, निलंबन, पायउतार, एक महिन्याच्या पगारापर्यंत दंड, पंधरा दिवसांपर्यंत लाइनीत कोंडून ठेवणं, वर जादा पहारा किंवा शिक्षेची कवायत. दुसरा मॅजिस्ट्रेटपुढचा, कलम २९ चा: तीन महिन्यांच्या पगाराइतका दंड, किंवा तीन महिने कैद, किंवा दोन्ही. हे आकडे पगाराशी लावून बघा. १९०२-०३ च्या फ्रेझर पोलीस आयोगाने शिपायाला निदान आठ रुपये महिना तरी द्या, अशी शिफारस केली होती. म्हणजे त्याआधी अनेक ठिकाणी तेवढेही मिळत नव्हते. आठ रुपयेवाल्याला तीन महिन्यांचा दंड म्हणजे चोवीस रुपये, आणि घरात तीन महिने चूल कशी पेटायची ते कायद्यात लिहिलेलं नसतं.

कलम २९ मध्ये एक शब्दांची गंमत आहे. इंग्रजी मजकुराचा अर्थ साधारण असा होतो: कर्तव्याचा भंग, किंवा नियमाचा जाणूनबुजून भंग वा हयगय. आता 'जाणूनबुजून' हा शब्द फक्त भंगाला लागतो की हयगयीलाही? फक्त भंगाला लागत असेल तर विसरणं हा गुन्हा होतो. दोन्हीला लागत असेल तर होत नाही, कारण जाणूनबुजून कोणी विसरत नाही. कोर्सवर्कला असाल तर हे वाक्य मूळ इंग्रजीत काढून मित्राशी तासभर भांडा. एका विशेषणावर माणसाची नोकरी कशी टांगलेली असते ते समजेल.

पण विसरण्याची एवढी भीती का? पोलिसाचं घड्याळ हरवलं तर कोणी चौकशी लावत नाही. बंदुकीचं वेगळं आहे, आणि ते वेगळेपण १८५७ नंतर तयार झालं. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाच्या हातातली बंदूक परवान्याला बांधली. ज्या समाजात बंदूक कोणाकडेच नाही, तिथे सरकारी बंदूक म्हणजे सरकारच रस्त्यावर उभं आहे. ती सांदीत विसरून जाणं म्हणजे सरकार विसरून जाणं. माझ्या मते एसटीतली माणसं म्हणूनच आधी गप्प झाली आणि मग एवढी हसली.

इंग्रज सरकारला आपली बंदूक कधीतरी दुसऱ्याच्या हातात जाणार याची खात्रीच होती, हे त्यांनी बनवलेल्या बंदुकीवरून दिसतं. १८५७ नंतर हिंदी फौजेला गोऱ्या फौजेपेक्षा एक पिढी मागची शस्त्रं द्यायची असा रिवाज पडला. गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी शिपायांकडे स्नायडर होती. पोलिसांच्या वाट्याला त्याहून उतरलेला माल यायचा. पुढे पोलिसांसाठी .४१० ची मस्केट आली. दिसायला ती लष्कराच्या .३०३ ली-एनफिल्डसारखीच, पण नळी आतून गुळगुळीत, आणि काडतुसांच्या घराच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवलेला. एका वेळी एकच गोळी भरायची. लष्कराचं .३०३ चं काडतूस तिच्यात चालत नसे. म्हणजे ही बंदूक कोणी पळवली किंवा ती कुठे राहून गेली, तरी चोरलेला लष्करी दारूगोळा तिच्या उपयोगी पडायचा नाही. ईशापूरच्या कारखान्यात अशा मस्केट बनत, आणि स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षं त्या आपल्या ठाण्यांमध्ये होत्या. वस्तू हाही पुरावा असतो, फक्त कागदच नाही. तो लाकडी ठोकळा पाहिल्यावर सरकारचा आपल्याच शिपायावर किती विश्वास होता हे कुठल्याही अहवालापेक्षा जास्त कळतं.

ती भीती अगदीच खोटी नव्हती. कलकत्त्यात २६ ऑगस्ट १९१४ ला रोडा कंपनीच्या मालातून ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं क्रांतिकारकांनी लंपास केली. १९१८ च्या राजद्रोह समितीच्या, म्हणजे रौलट समितीच्या, अहवालात या पिस्तुलांचा हिशोब आहे: ४४ पिस्तुलं लगेच नऊ गटांत वाटली गेली, त्यांचा वापर ५४ प्रकरणांत झाला, तोवर ३१ परत सापडली होती. प्रत्येक पिस्तुलाला नंबर, त्यामुळे प्रत्येकाचा माग. ही चोरी होती, विसरणं नव्हे, आणि पिस्तुलं पोलिसांची नव्हती. तरी उदाहरण दिलं, कारण त्यावरून कागदाचं गणित कळतं. भीती जितकी मोठी तितकी फाइल जाड. ५० पिस्तुलांवर सरकारने ढीगभर कागद लिहिला, कारण ती शत्रूच्या हातात होती. फाट्यावर विसरून तासाभरात परत मिळालेल्या मस्केटवर एक ओळही लिहिली जात नाही.

याला संख्याशास्त्रवाले निवडीचा पक्षपात म्हणतात. आपल्या विषयात त्याचा अर्थ असा: अभिलेखागारात ज्या हरवलेल्या बंदुका दिसतात त्या सगळ्या हरवलेल्या बंदुकांचा नमुना नाहीत, वाईट शेवट झालेल्यांचा नमुना आहेत. त्यावरून 'पोलीस किती बेफिकीर होते' किंवा 'किती शिस्तीचे होते' असं काहीच सांगता येत नाही. मी आधी सांगत होते. आरआरसीच्या मुलाखतीत एका सरांनी शांतपणे विचारलं, "परत मिळालेल्या किती?" आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलं.

हा घोळ फक्त वसाहतीच्या काळातला किंवा आपल्याकडचाच आहे असं नाही. २०१५ मध्ये वॉशिंग्टनला अमेरिकी संसदेच्या इमारतीत तिथल्या पोलिसांनी स्वच्छतागृहात पिस्तुलं विसरल्याचे प्रकार वर्तमानपत्रात आले. त्यातलं एक सभापतींच्या दालनातल्या स्वच्छतागृहात होतं आणि ते एका लहान मुलाला दिसलं. घटना जानेवारी-मार्चच्या, बातमी मे महिन्यातली. मधले आठवडे तो कागद खात्याच्या आतच होता. २०२० च्या फेब्रुवारीत ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांच्या अंगरक्षकाने न्यूयॉर्कहून लंडनला येणाऱ्या विमानाच्या टॉयलेटमध्ये पिस्तूल ठेवलं, शेजारी स्वतःचा आणि कॅमेरून यांचा पासपोर्टही. ते एका प्रवाशाला सापडलं, म्हणून आपल्याला माहीत झालं. त्याच्याच सहकाऱ्याला आधी सापडलं असतं तर? दोन्हीकडे कारण एकच, अगदी शारीरिक: कमरेच्या पट्ट्यावरचं पिस्तूल शौचाला बसताना काढून ठेवावं लागतं. आपल्या शिपायाचं कारण वेगळं. त्याची बंदूक लांब, ती मांडीवर मावत नाही, जेवताना-झोपताना भिंतीला टेकवावी लागते. रेल्वेत किंवा निवडणुकीच्या बंदोबस्तात रायफल साखळीने पट्ट्याला अडकवून बसलेले जवान तुम्ही पाहिले असतील. ती साखळी हिसकावणाऱ्यासाठी आहे तशी डुलकीसाठीही आहे. चौदा-सोळा तास बंदोबस्त केलेल्या माणसाच्या विसरण्याला नुसती हयगय म्हणायचं की ड्युटीच्या तक्त्यालाही विचारायचं, हा प्रश्न त्या साखळीच्या कडीतच अडकलेला आहे.

हिसकावण्यावरून आठवलं. २०१९ च्या दुरुस्तीने १९५९ च्या शस्त्र कायद्यात नवं पोटकलम आलं: बळ वापरून पोलिसाकडून किंवा जवानाकडून बंदूक घेतली तर किमान दहा वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. विसरलेल्या बंदुकीसाठी मात्र या कायद्यात वेगळी जागा नाही, कारण कर्तव्यावरच्या सरकारी नोकराला हा कायदा बहुतांशी लागूच होत नाही. खाजगी परवानाधारकाची बंदूक हरवली तर त्याने ताबडतोब जवळच्या ठाण्यात कळवायचं, ही परवान्याची अट. पोलिसाची हरवली तर तो ठाण्यातच असतो. त्याचं प्रकरण मुंबई पोलीस (शिक्षा व अपिले) नियम, १९५६ कडे जातं: कसुरी अहवाल, विभागीय चौकशी, सक्त ताकीद, वेतनवाढ रोखणं, वाईटात वाईट म्हणजे बडतर्फी. सगळं घरातल्या घरात. इतिहासकाराच्या दृष्टीने ही बंद खोली आहे.

मग माहितीचा अधिकार लावायचा ना, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं होतं. पण ३ ऑक्टोबर २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने गिरीश देशपांडे प्रकरणात सांगितलं की कर्मचाऱ्याला दिलेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा आणि शिक्षा ही त्याची वैयक्तिक माहिती आहे. मोठं सार्वजनिक हित दाखवल्याशिवाय ती मिळत नाही. मूळ अर्ज आपल्या अकोल्याच्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याबद्दल होता. त्यामुळे व्यक्तीबद्दल मागू नका, तुमचे दहा रुपये आणि दोन महिने वाया जातील. एकत्रित आकडे मागा: अमुक वर्षांत किती शस्त्रं गहाळ म्हणून नोंदली, किती मिळाली. आकड्याला वैयक्तिक आयुष्य नसतं.

अर्थात आकड्यावरही आंधळा विश्वास ठेवू नका. २०२० मध्ये कॅगच्या अहवालाने केरळच्या सशस्त्र पोलीस दलातून २५ इन्सास रायफली आणि १२,०६१ काडतुसं गायब असल्याचं म्हटलं. केवढा गदारोळ झाला! मग तिथल्या गुन्हे शाखेने रायफली मोजल्या. ६६० पैकी ६४७ समोर होत्या, उरलेल्या १३ मणिपूरला गेलेल्या तुकडीसोबत होत्या असं सांगण्यात आलं. म्हणजे बंदुका होत्या, नोंद हरवली होती. माझ्या एसटीच्या बरोब्बर उलट. तिथे बंदूक काही वेळ नव्हती आणि नोंदीत ती एक क्षणही हलली नसणार. सकाळी कोतातून बट नंबर अमुक दिली, संध्याकाळी बट नंबर अमुक जमा, सही. पुढे कोणी ते रजिस्टर पाहील तर त्याला एक साधा, शिस्तीचा दिवस दिसेल.

अहवाल वाचताना मला सगळ्यात जास्त शिकवलं ते 'गहाळ' या शब्दाने. 'बंदूक गहाळ झाली.' वाक्यात माणूस आहे का? 'हरवली' म्हटलं की लगेच विचारता येतं, कोणी हरवली? 'विसरली' म्हटलं तर शिपाई समोर उभा राहतो. 'गहाळ' मध्ये बंदूक स्वतःच पाय फुटून गेल्यासारखी जाते. सरकारी मराठीने हा शब्द उगाच नाही जपलेला. वरिष्ठाला वरच्या साहेबाला कळवायचं असतं आणि खालच्याला वाचवायचंही असतं, तेव्हा 'गहाळ'. वाचवायचं नसतं तेव्हा त्याच घटनेला 'कर्तव्यात कसूर'. एकाच फाइलमध्ये पहिल्या पानावर 'गहाळ' आणि चौथ्या पानावर 'कसूर' दिसलं, तर मधल्या दोन पानांत काय घडलं ते शोधा. तुमचा इतिहास तिथे आहे.

मुलाखतींचं थोडं सांगते. निवृत्त पोलिसांशी बोलायला लागले तेव्हा रेकॉर्डर चालू असताना कोणीही कधी काही विसरलेलं नव्हतं. रेकॉर्डर बंद केल्यावर गोष्टी आल्या, पण सगळ्या 'माझ्या एका सोबत्याच्या'. एका आजोबांचा सोबती लग्नाच्या पंगतीत बंदूक भिंतीला टेकवून तसाच उठला होता. ती गोष्ट सांगताना त्यांचा हात आपोआप खांद्यावर गेला, पट्टा चाचपावा तसा. सोबती कोण ते मी विचारलं नाही. नैतिकता समितीचा फॉर्म भरताना 'मुलाखत देणाऱ्याला हानी' असा एक रकाना असतो. आपण तिथे सवयीने 'नाही' लिहितो. त्या दिवशी घरी येऊन मी तो रकाना खोडून पुन्हा भरला. पेन्शन चालू असलेल्या माणसाची तीस वर्षांपूर्वीची विसर माझ्या प्रबंधासाठी किती किमतीची आहे, हे ठरवणारी मी कोण? पण सगळेच गप्प राहिले तर शिपायांचा इतिहास फक्त त्यांना झालेल्या शिक्षांचा इतिहास उरतो, हेही खरं. दोन्ही बाजू मला पटतात, आणि प्रकरण अजून पूर्ण झालेलं नाही.

तोडगा म्हणून सध्या उलट्या बाजूने जातेय. जुन्या वार्षिक पोलीस अहवालांत दोन प्रकारचे तक्ते येतात. एकात किती जणांकडे बंदूक, किती जणांकडे तलवार, किती जणांकडे नुसता दंडुका. दुसऱ्यात किती जणांना खात्याकडून शिक्षा, किती जणांना न्यायालयाकडून. शिक्षा कशासाठी, हे बहुतेक वेळा नसतं. पण कलम ७ चा दंड पगारातून कापला जाणार, आणि कापलेला पैसा कुठेतरी जमेला लागणार. इंग्रज सरकार बंदूक विसरल्याचं लिहील न लिहील, चार आणे कापल्याचं मात्र नक्की लिहील. सोमवारी नागपूरला अभिलेखागारात जातेय. मागणीचिठ्ठीवर विषय म्हणून या वेळी 'शस्त्रे' लिहिणार नाही, 'पगार व दंड' लिहिणार आहे. काही सापडलं तर कळवीनच. आणि एसटीतला प्रसंग प्रबंधातून काढून टाकला आहे. इथे लिहिला तो साल, बसचा नंबर आणि फाट्याचं नाव गाळून.